घाई कोणाची, जीव कोणाचा?

(कोल्हापूर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



‘सुरक्षित प्रवास’ हा विषय अभ्यासवर्गाच्या कार्यक्रमपत्रिकेत पाहून काहींना नवल वाटले असेल. हा विषय पोलीस खात्याचा, फार तर परिवहन खात्याचा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. जानेवारीत रस्ता सुरक्षेचे अभियान येते, शाळकरी मुलांची फेरी निघते, चौकाचौकांत फलक लागतात आणि फलक उतरले की सारे पूर्ववत चालू होते. घाटाच्या वळणावर ‘अति घाई, संकटात नेई’ असा इशारा रंगवलेला असतो. इशारा खराच आहे. परंतु ही घाई येते कोठून, ती कोणाच्या लाभासाठी केली जाते आणि तिची किंमत कोण मोजतो, हे तो फलक सांगत नाही. हे प्रश्न अर्थशास्त्राचे आहेत, आणि म्हणूनच ते राजकारणाचेही आहेत.

केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी पंधरा हजारांहून अधिक एकट्या महाराष्ट्रातील होती, म्हणजे दररोज सरासरी चाळीसपेक्षा जास्त. मृतांची विभागणी अधिक बोलकी आहे. दुचाकीवरून जाणारे शेकडा सुमारे ४४ आणि पायी चालणारे शेकडा सुमारे १९. बसमधील प्रवाशांचे प्रमाण मात्र शेकडा तीनाहूनही कमी. बसला अपघात झाला की एकाच वेळी अनेक माणसे दगावतात, वर्तमानपत्रांत मोठे मथळे येतात आणि बसच धोक्याची असा ग्रह होतो. वास्तविक रोज कोट्यवधी माणसांना वाहून नेणारी बस हे रस्त्यावरील सर्वांत सुरक्षित वाहनांपैकी एक आहे. ज्या गावची बस बंद होते, त्या गावातील माणूस प्रवास थांबवू शकत नाही. तो दुचाकीवर तिघे बसून जातो, टेम्पोच्या हौद्यात उभा राहतो, किंवा वडापची वाट पाहतो.

वडापचा हिशेब

वडाप या शब्दाचा अर्थ कोल्हापुरात कोणाला सांगावा लागत नाही. भुदरगड, राधानगरी, शाहूवाडी, गगनबावडा या तालुक्यांत कित्येक वाड्यावस्त्यांचा बाजार, दवाखाना आणि कॉलेज या जीपगाड्यांवर अवलंबून आहे. वडापवाल्याला बेफिकीर किंवा गुन्हेगार ठरवून मोकळे होणे सोपे आहे. त्याचा हिशेब मांडून पाहिला तर चित्र निराळे दिसते.

समजा, एका जीपमध्ये नऊ प्रवाशांना परवानगी आहे. डिझेल, कर्जाचा हप्ता, टायर, विमा आणि वाटेवरचे ज्ञात-अज्ञात खर्च, असा एका फेरीचा सारा खर्च त्या नऊ जणांच्या भाड्यातून जेमतेम भागतो. म्हणजे नियमाप्रमाणे गाडी चालवणाऱ्याच्या पदरात काहीच पडत नाही. त्याची कमाई सुरू होते ती दहाव्या प्रवाशापासून. दहावा, अकरावा, बारावा आणि मागच्या फळीवर लोंबकळणारा तेरावा, या चौघांच्या भाड्यावर त्याची चूल पेटते. भरल्याशिवाय गाडी सुटत नाही हे त्यामुळेच, आणि सुटल्यावर पुढच्या थांब्यावरचे प्रवासी दुसऱ्या जीपने उचलू नयेत म्हणून ती सुसाट धावते तेही त्यामुळेच. दिवसात एक फेरी वाढली तर घरात चार पैसे जास्त येतात. घाटातला फलक त्याला सावकाश जा म्हणतो आणि कर्जाचा हप्ता त्याला लवकर जा म्हणतो. या दोन आज्ञांपैकी कोणती पाळली जाईल हे सांगण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

हाच हिशेब उसाच्या ट्रॅक्टरला लागू पडतो. गळीत हंगामात कोल्हापूर जिल्ह्यातील रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रभर धावत असतात. मागे दिवा नाही, परावर्तक पट्टी नाही, ऊस ट्रॉलीच्या बाहेर हातभर लोंबतो आहे, आणि रस्त्यात बिघडलेली ट्रॉली दगडांचा आधार लावून अंधारात उभी आहे, हे दृश्य जिल्ह्याला नवे नाही. त्यावर जाऊन आदळणारा दुचाकीस्वार बहुधा रात्रपाळीहून परतणारा कामगार असतो. वाहतूकदाराला पैसे मिळतात ते टनावर आणि अंतरावर. दिव्याचे पैसे कोणी देत नाही, खेप चुकली तर नुकसान मात्र त्याचेच.

पैसे फेरीवर मिळोत, टनावर मिळोत की प्रवाशाच्या डोक्यावर, धोका पत्करला तर चालकाला लाभ आणि सावधपणा ठेवला तर तोटा, अशी ही रचना आहे. अपघात घडला की त्याचा खर्च या व्यवहारात कोठेच नोंदला जात नाही. तो जखमीच्या घरी जातो, सीपीआर रुग्णालयाच्या खाटेवर जातो, विधवेच्या वाट्याला येतो. तिकीट स्वस्त दिसते, कारण त्याची खरी किंमत तिसऱ्याच कोणाकडून वसूल होते.

शिस्तप्रिय म्हणून जगभर नावाजलेल्या देशातही हा नियम चुकत नाही. जपानमध्ये आमागासाकी येथे २५ एप्रिल २००५ रोजी एक उपनगरी रेल्वेगाडी वळणावर रुळांवरून घसरली आणि इमारतीवर आदळली. चालकासह १०७ जण मरण पावले. गाडी सुमारे दीड मिनिट उशिरा धावत होती. उशीर करणाऱ्या चालकांना अपमानास्पद शिक्षा देण्याची त्या कंपनीची पद्धत होती आणि तरुण चालक ती वेळ भरून काढण्याच्या प्रयत्नात होता. घाई त्याच्या हातून झाली. ती त्याच्या मनात भरवली होती कंपनीच्या नियमांनी.

एस.टी. कशासाठी आली

हे सारे महाराष्ट्राने पूर्वी एकदा अनुभवले आहे. स्वातंत्र्यापूर्वी खासगी मोटार सर्व्हिसचा जमाना होता. गाडीला निश्चित वेळापत्रक नसे, भाडे मालक ठरवी, प्रवासी कोंबले जात आणि चढाओढीत गाड्या हाकल्या जात. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, या मार्गावर सरकारी बस धावली, तेव्हा कोल्हापूर हे अजून संस्थान होते. ते मुंबई राज्यात विलीन झाले १९४९ च्या मार्चमध्ये. १९५० साली संसदेने रस्ते परिवहन महामंडळांचा कायदा केला आणि ‘गाव तेथे एस.टी.’ हे पुढे महाराष्ट्राच्या ग्रामीण जीवनाचे ब्रीद बनले.

या राष्ट्रीयीकरणाचा एक लाभ फारसा बोलला जात नाही. त्याने चालकाची कमाई प्रवाशांच्या संख्येपासून तोडली. एस.टी.चा चालक महिन्याच्या पगारावर काम करतो. त्याने तेरावा प्रवासी फळीवर उभा केला तर त्याला काही मिळत नाही. नियम मोडला तर मात्र त्याची नोकरी जाऊ शकते. गाडीत दोन प्रवासी असोत की पन्नास, ती वेळेला सुटते. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ साली झालेल्या कायद्याने दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ही मर्यादा घातली आणि मध्ये विश्रांतीचीही तरतूद केली. वरवर पाहता या कामगारांच्या सवलती आहेत. प्रत्यक्षात त्या प्रवाशांच्या सुरक्षिततेच्या तरतुदी आहेत. झोप पुरी झालेला चालक ही प्रवाशाची पहिली गरज आहे.

सामान्य प्रवाशाची प्रतिष्ठा हा विचार समाजवाद्यांनी सत्तेत असतानाही सोडला नव्हता. गांधीजींनी १९१७ साली रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाच्या हालअपेष्टांवर पुस्तिका लिहिली. तिसरा वर्ग रद्द होण्यास १९७४ साल उजाडले. त्यानंतरही दुसऱ्या वर्गाच्या प्रवाशाला रात्रभर लाकडी फळीवरच पडून राहावे लागे. १९७७ ते १९७९ या काळात रेल्वेमंत्री असलेल्या मधु दंडवते यांनी त्या फळ्यांवर गादी चढवली. दोन इंच जाडीची ती गादी हा फार मोठा खर्च नव्हता. परंतु बहुसंख्य प्रवासी ज्या डब्यातून जातात, त्या डब्यापासून सुधारणेस आरंभ करावयाचा, हा अग्रक्रम त्यातून निश्चित झाला. रस्त्यावरील वाहतुकीला आज हवा आहे तो हाच अग्रक्रम.

सार्वजनिक सेवेचे दोष

एवढे ऐकल्यावर कोणी विचारील की एस.टी. आणि महापालिकेच्या बसगाड्यांना अपघात होत नाहीत काय? होतात, आणि त्यांच्याकडे डोळेझाक करणे हे सार्वजनिक क्षेत्राच्या पुरस्कर्त्यांना शोभणारे नाही. १ ऑक्टोबर २०१७ रोजी कोल्हापुरातच पापाची तिकटी येथे केएमटीची बस ताबुतांच्या मिरवणुकीत शिरली आणि दोघांचा बळी गेला. ९ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईत कुर्ला येथे ‘बेस्ट’च्या मार्गावरील बस गर्दीत घुसून नऊ जणांनी प्राण गमावले.

कुर्ल्याच्या घटनेचा मात्र नीट अभ्यास करावयास हवा. ती बस उपक्रमाच्या मालकीची नव्हती. ती खासगी कंत्राटदाराकडून भाड्याने घेतलेली होती आणि चालकही कंत्राटी होता. विजेवर चालणाऱ्या त्या गाडीचे पुरेसे प्रशिक्षण त्याला मिळाले नव्हते, ही बाब पुढे चौकशीत आली. गाडीवर नाव सार्वजनिक उपक्रमाचे, पण चालकाची नेमणूक, त्याचे वेतन आणि शिक्षण हे सारे कंत्राटदाराच्या नफ्याच्या हिशेबात बसवलेले. सार्वजनिक सेवा अशी आतून पोखरली गेली की तिच्यातील सुरक्षितताही आपोआप संपते.

एस.टी.चीही अवस्था चिंताजनक आहे. करोनापूर्वी अठरा हजारांच्या वर असलेला गाड्यांचा ताफा नंतरच्या काळात पंधरा हजारांच्या आसपास घसरला. २०२१ च्या अखेरीपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत चाललेल्या कर्मचाऱ्यांच्या संपात कित्येक फेऱ्या मोडल्या आणि प्रवासी एकदा खासगी वाहनाकडे गेला तो पुरता परतला नाही. त्यातच १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्ध्या तिकिटात प्रवास सुरू झाला. सवलत स्वागतार्हच होती. तिने मागणी वाढवली, पण पुरवठा वाढवण्याची तरतूद तिच्यासोबत आली नाही. मागणी वाढली आणि पुरवठा घटला तर बाजारात वस्तूचा भाव चढतो. येथे भाव गोठवलेला असल्याने गर्दी वाढते, आणि त्या गर्दीतून बाहेर फेकला गेलेला प्रवासी स्थानकाबाहेर उभ्या असलेल्या वडापमध्ये जाऊन बसतो. अर्ध्या तिकिटाचा हक्क हातात, आणि प्रवास पूर्ण भाड्याचा व दुप्पट धोक्याचा, असा हा विरोधाभास आहे.

पूल आणि पूर

२६ जानेवारी २०१८ च्या रात्री गणपतीपुळ्याहून कोल्हापूरकडे येणारी एक मिनीबस शिवाजी पुलाचा दगडी कठडा तोडून पंचगंगेत कोसळली. पुण्याकडील कुटुंबांतील १३ माणसे त्यात गेली. हा पूल ब्रिटिश अमदानीतील आहे आणि बैलगाड्यांच्या काळातील वाहतुकीसाठी तो बांधला गेला होता. त्याच्या शेजारी पर्यायी पुलाचे काम बरेचसे होऊन अडून पडले होते, कारण जवळची ब्रह्मपुरी टेकडी पुरातत्त्व कायद्याच्या संरक्षणाखाली येते. शहरातील नागरिकांनी त्यासाठी आंदोलने केली होती. प्राचीन अवशेषांचे रक्षण झालेच पाहिजे. परंतु दोन खात्यांमधील कागदाचा प्रवास संपेपर्यंत माणसांचा प्रवास थांबत नाही, याची जाणीव त्या कागदांवर सही करणाऱ्यांना होती असे दिसले नाही. पर्यायी पूल पुढे पुरा झाला आणि त्यावरून वाहतूक सुरू झाली.

महाडजवळचा प्रसंग त्याहून भयंकर होता. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्री नदीवरील १९२८ सालचा पूल पुरात वाहून गेला आणि त्यासोबत एस.टी.च्या दोन गाड्या व एक मोटार. त्या दोन चालकांनी कोणताही नियम मोडला नव्हता. ज्या पुलावर त्यांनी विश्वास ठेवला, तोच तेथे नव्हता. विशेष म्हणजे नवा पूल पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाशी बांधून तयार झाला. पैसा होता, तंत्रज्ञान होते, यंत्रणाही होती. ती हलण्यासाठी आधी माणसे मरावी लागली.

पुराच्या बाबतीत कोल्हापूरने एक चांगली पद्धत रुजवली आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर गेली की धोका, हे शहरातील लहान मूलही जाणते. पातळी आकड्यात सांगितली जाते, ती सर्वांना कळते आणि तिच्यानुसार मार्ग बंद होतात. तेथे कोणाच्या धाडसावर किंवा नशिबावर काही सोपवलेले नसते. अशीच इशारापातळी जिल्ह्यातील प्रत्येक पुलाला, प्रत्येक घाटाला आणि प्रत्येक वाहनाला का असू नये? स्वीडनच्या संसदेने १९९७ साली असे धोरण स्वीकारले की रस्त्यावर एकही मृत्यू समर्थनीय मानावयाचा नाही. माणूस चुकणार हे गृहीत धरून, ती चूक त्याच्या जिवावर बेतणार नाही असे रस्ते आणि वाहने बनवावयाची, हे त्या धोरणाचे सार आहे.

अंधार पडल्यानंतर

स्त्रियांच्या बाबतीत सुरक्षिततेचा अर्थ अधिक व्यापक होतो. वाहन उलटू नये एवढेच त्यांच्यासाठी पुरेसे नसते. २५ फेब्रुवारी २०२५ रोजी पुण्यातील स्वारगेट स्थानकाच्या आवारात उभ्या असलेल्या बसमध्ये एका तरुणीवर अत्याचार झाला. सार्वजनिक स्थानक, सरकारी गाडी आणि वेळ पहाटेची, जेव्हा शेकडो प्रवासी स्थानकात असतात. घटनेनंतर राज्यातील स्थानकांच्या सुरक्षा तपासणीचे आदेश निघाले. त्याच वेळी तिनेच सावध असावयास हवे होते, असेही सूर उमटले. सावधपणाचा सारा भार दुबळ्यावर टाकण्याची ही जुनी रीत आहे.

ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत एस.टी.चा मोफत पास मिळतो; अहिल्याबाई होळकर यांच्या नावाने ती योजना चालते. पास हातात असतो. पण सायंकाळची गाडी रद्द झाली की तो पास निव्वळ कागद होतो. मग स्थानकावर अंधारात तासभर थांबणे, अनोळखी जीपमध्ये बसणे, किंवा फाट्यावर उतरून दोन मैल चालत जाणे, एवढेच पर्याय उरतात. असे दोन-चार वेळा घडले की घरातील वडीलधारी माणसे मुलीचे शिक्षण थांबवतात. या मुलीची नोंद कोणत्याही अपघाताच्या आकडेवारीत होत नाही. रद्द झालेल्या एका फेरीची किंमत महामंडळाच्या खात्यात वाचलेल्या डिझेलएवढी दिसते. समाजाच्या खात्यात तिची किंमत एका मुलीच्या आयुष्याएवढी असू शकते.

मोटार, टॅक्सी आणि रात्रीची शयनगाडी

खासगी मोटारीत बसणाऱ्याला आपण या सर्वांतून सुटलो असे वाटते. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांच्या शेजारी बसलेले गृहस्थ मरण पावले. मोटार उत्तम बनावटीची होती. पुढे बसलेले दोघे जखमी होऊन वाचले. मागे बसलेल्या दोघांनी आसनपट्टा बांधलेला नव्हता. मागच्या आसनावरही पट्टा बांधणे कायद्याने आवश्यक आहे, ही गोष्ट या दुर्घटनेपूर्वी कित्येकांच्या गावीही नव्हती.

टॅक्सीचालकाची स्थिती वडापवाल्याहून निराळी नाही. पूर्वी मालक त्याच्या घरी येऊन वसुली करी. आता मोबाईलच्या पडद्यावरून कंपनी ठरवते की आणखी चार फेऱ्या केल्या तर जादा रक्कम मिळेल. कर्जाची मोटार आणि फेरीवरची कमाई, यांत आठ तासांची मर्यादा कोठल्या कोठे वाहून जाते. सार्वजनिक वाहनांत स्थान दाखवणारे यंत्र आणि संकटसमयी दाबावयाचे बटण बसवण्याचा नियम केंद्राने केला आहे. ते बटण दाबल्यावर पलीकडे कोणी जागे असते काय, याची तपासणी करण्याचा नागरिकांना अधिकार असला पाहिजे.

रात्रीच्या खासगी शयनगाड्यांविषयीही बोलले पाहिजे, कारण कोल्हापूरहून मुंबई-पुण्याकडे जाणारा मोठा वर्ग त्यांतून प्रवास करतो. ८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे नाशिक येथे अशा गाडीला आग लागून १२ प्रवासी मरण पावले. १ जुलै २०२३ रोजी समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ आणखी एक खासगी बस उलटून पेटली आणि २५ जणांचा कोळसा झाला. बस दरवाजाच्या बाजूवरच पडल्याने तो उघडणे अशक्य झाले. काच फोडून बाहेर पडू शकले तेवढेच वाचले. आणीबाणीचे दार आणि काच फोडण्याची हातोडी कोठे आहे हे पाहून मगच आसनावर पाठ टेकावी, हा धडा दोन्ही घटनांनी दिला आहे.

कार्यकर्त्यांपुढील काम

प्रवाशाने स्वतः काय करावे, हा प्रश्न गौण नाही. दारात लोंबकळू नये, फळीवर उभे राहू नये, चालक डुलक्या घेतो आहे असे दिसले तर गाडी थांबवावयास भाग पाडावे. मोटारीत पुढे-मागे सर्वांनी पट्टा बांधावा. लहान मुलाला मांडीवर घेऊन पुढे बसू नये. टॅक्सीत बसण्यापूर्वी गाडीचा क्रमांक ताडून पाहून घरी कळवावा. संकटात ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक वृद्धांनाही पाठ करून द्यावेत. अपघातग्रस्ताला उचलून रुग्णालयात नेणाऱ्याला पोलिसांचा ससेमिरा लागतो ही भीती अजून गेलेली नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने अशा मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. अपघातानंतर सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार विनारोख मिळण्याची योजना केंद्राने २०२५ साली लागू केली. एस.टी.च्या तिकिटामागे घेतल्या जाणाऱ्या एक रुपयाच्या अधिभारातून अपघातग्रस्तांच्या वारसांना साहाय्य मिळते. हे हक्क कोणी घरपोच आणून देत नाही. ते शोकाकुल कुटुंबापर्यंत नेणे हे कार्यकर्त्याचे काम आहे.

परंतु केवळ उपदेशाने भागणारे नाही. दुसरी गाडीच नसेल तर भरलेल्या वडापमध्ये चढू नका, हे सांगणे निरर्थक ठरते. म्हणून मागण्या ठोस असल्या पाहिजेत. प्रत्येक तालुक्यात कार्यकर्त्यांनी आपल्या आगारातून सुटणाऱ्या फेऱ्यांची महिनाभर नोंद ठेवावी: कोणती गाडी लागली, कोणती रद्द झाली, किती उशीर झाला, किती मुली ताटकळल्या. ही वही हाती असेल तर आगार व्यवस्थापकाशी होणारे बोलणे तक्रारीच्या पातळीवर न राहता पुराव्याच्या पातळीवर येईल. शाळा-कॉलेज सुटल्यानंतरची आणि रात्रपाळी संपतानाची गाडी कोणत्याही कारणाने रद्द होता कामा नये, ही पहिली मागणी असावी. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल येथील औद्योगिक वसाहतींत कामगारांच्या वाहतुकीची जबाबदारी कारखानदारांनी उचलावी, ही दुसरी. बस सार्वजनिक असेल तर तिचा चालकही कायम नोकरीतला आणि प्रशिक्षित असला पाहिजे, ही तिसरी. दिवा आणि परावर्तक पट्टी नसलेल्या ट्रॉलीतील ऊस काट्यावर घेतला जाणार नाही, असा ठराव प्रत्येक सहकारी साखर कारखान्याच्या वार्षिक सभेत मांडता येतो. सभासद शेतकरी आणि रस्त्यावर मरणारा त्याचाच मुलगा, हे दोघे एकाच घरातले आहेत. वडापवाल्यालाही शत्रू मानू नये. ज्या वाडीवर एस.टी. जाऊच शकत नाही, तेथे वडापचालकांची सहकारी संस्था, निश्चित वेळापत्रक, ठरलेले भाडे आणि मर्यादित प्रवासी, अशी रचना झाली तर त्याचीही चूल धोक्याशिवाय पेटेल.

यासाठी पैसा कोठून येणार, असे विचारले जाईल. रुंद महामार्गांसाठी हजारो कोटी रुपये उभे राहतात तेव्हा हा प्रश्न कोणी विचारीत नाही. त्या महामार्गांवर धावणाऱ्या एस.टी.च्या गाडीचे टायर बदलावयाचे म्हटले की तिजोरी रिकामी असते. सार्वजनिक वाहतुकीला दिलेली रक्कम तोटा म्हणून दाखवली जाते, कारण टळलेल्या अपघाताचा, वाचलेल्या हातपायांचा आणि सुरू राहिलेल्या शिक्षणाचा जमाखर्च कोणी लिहीत नाही.

रस्ता हा राजकारणाचा विषय होऊ शकतो, हे कोल्हापूरने याच शतकात सिद्ध केले आहे. शहरातील रस्त्यांवर टोल बसला, तेव्हा एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासारख्या ज्येष्ठांच्या नेतृत्वाखाली सारे शहर रस्त्यावर उतरले. वर्षानुवर्षे ते आंदोलन चालले आणि २०१५ च्या अखेरीस टोल रद्द करावा लागला. रस्त्यावरून जाण्यासाठी पैसे का मोजावे, असा प्रश्न त्या आंदोलनाने विचारला होता. त्याच रस्त्यावरून जाण्यासाठी जीव का मोजावा, हा प्रश्न विचारणे आता त्याच शहराकडे आले आहे. फेऱ्यांच्या नोंदवहीचे काम पुढच्या सोमवारपासून निदान एका आगारात सुरू झाले, तर आजच्या अभ्यासवर्गाचे सार्थक होईल.